नुसतं मारलं

मळेवाडी हे तोंडाळ गाव. कुणाच्या घरी काय शिजलं हे चुलीवरून भांडं उतरायच्या आत चावडीवर कळायचं. पण हायस्कुलातल्या राजमतीबाईंचा विषय निघाला की गावाचं सगळं बोलणं एका वाक्यावर येऊन थांबायचं. "दगड हाय ती." असं म्हणणाऱ्यांत त्यांचे विद्यार्थी होते, भावकीतल्या बायका होत्या, आणि खरं सांगायचं तर त्यांचा पोटचा मुलगाही होता.

तसं बाईंनी कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं. मराठी आणि इतिहास-नागरिकशास्त्र शिकवायच्या. फिकट पातळ, डोक्यावरून पदर, हातात खडू आणि आवाज एकाच पट्टीत. पानिपताची लढाई असो की ग्रामपंचायतीची रचना, त्या पट्टीत फरक नाही. पोरं म्हणायची, बाईंच्या तासाला पानिपतावर माणसं मरत नाहीत, नुसती गैरहजर राहतात.

पूर्वी मात्र बाई अशा नव्हत्या. सांगलीला शिकून, पदवी घेऊन आलेली ही सून वर्गात इतकी हसायची की शेजारच्या वर्गाचे मास्तर दारात येऊन बघून जायचे. नवरा भूपाल तिला सायकलवर डबलसीट शाळेत सोडायचा. गावानं त्यावरही नाकं मुरडली होती. हसली तरी बोलतात, नाही हसली तरी बोलतात. गावाला एक काहीतरी लागतंच.

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात भूपाल गेला. गेला म्हणजे आजारानं नव्हे. पाटलांच्या भावकीची सामाईक विहीर होती. त्यावर एकच इंजिन, आणि पाणी पाळीनं. भूपाल आणि त्याचा चुलत भाऊ बाबगोंडा यांच्या उसाच्या पट्ट्या शेजारी शेजारी. बाबगोंडाच्या पाळीत इंजिन बंद पडलं, त्याचा निम्मा ऊस कोरडा राहिला. इंजिन सुरू झालं तोवर भूपालची पाळी लागली होती. एक म्हणाला, माझी पाळी पुरी होऊ दे. दुसरा म्हणाला, माझी लागली, मी काय करू? दोघांचंही खरं होतं, आणि दोघंही खरे असले की भांडण मिटत नाही. बाबगोंडा पाण्यावरचा माणूस, हातात खोरं होतंच. त्यानं दांडा घातला तो भूपालच्या कानशिलावर बसला, आणि भूपाल कोसळला तो थेट थारोळ्याच्या दगडावर. विहिरीचं पाणी जिथं येऊन पडतं तिथला तो दगड. दुसऱ्या दिवशी सांगलीच्या दवाखान्यात तो संपला.

राजमती तेव्हा घरात वार्षिक परीक्षेचे पेपर तपासत बसली होती. सगळे विधी आटोपल्यावर तिनं उरलेले पेपर तपासून निकाल वेळेवर शाळेत दिला. हे गावानं तिला कधी माफ केलं नाही. बरं, ती रडलीही नाही. बायकांनी गळ्यात पडून, जुन्या आठवणी काढून, मांडीवर दहा वर्षांचा भरत आणून ठेवून, सगळे उपाय करून पाहिले. ती बसून राहिली. एकीनं तर हळूच तिच्या दंडाला चिमटा काढला. तिला चिमटा कळला, पण त्याचं काय करायचं ते कळलं नाही.

मग सांगलीला खटला उभा राहिला. बघणारा साक्षीदार एकच, केरबा नावाचा गडी. तो आदगोंडा पाटलांकडे, म्हणजे राजमतीच्या सासऱ्याकडे सालानं कामाला होता. तेव्हा मालकाच्या बाजूनं बोलणार हे धरलेलंच होतं. सरकारी वकिलांनी विचारलं, "तू काय पाहिलंस?"

"बाबगोंडाअण्णानं भूपालदादास्नी मारलं."

वकील खूश होऊन खाली बसले. पण जज्जसाहेब लिहिता लिहिता थांबले. आपल्या भाषेची ही एक गंमतच आहे. मास्तर पोराला मारतो, नवरा बायकोला मारतो आणि काठीनं साप मारतात, सगळ्याला शब्द एकच. साहेबांनी विचारलं, "मारलं म्हणजे?"

केरबा गोंधळला. "मारलं म्हंजे मारलं की, सायेब."

"ठार मारलं, का नुसतं मारलं?"

केरबानं मालकाकडे पाहिलं, मग आपल्या पायांकडे पाहिलं. कोर्टात काही वेळ पंख्याचा आवाज तेवढा होत होता. शेवटी तो म्हणाला, "नुसतं मारलं, सायेब. मेला मागनं."

या एका वाक्यावर खटला फिरला. फिर्याद खुनाची होती. शिक्षा झाली ती सदोष मनुष्यवधाची, सात वर्षं. गाव खवळलं. केरबा फितला म्हणाले. आदगोंडानं त्याला दारातून हाकललं, आणि तो कुपवाडला कुठल्याशा कारखान्यात पोती उचलायला गेला तो परत आला नाही.

राजमती त्या दिवशी कोर्टात मागच्या बाकावर होती. केरबा खरं बोलला हे तिला त्याच क्षणी कळलं. भूपालला बैलगाडीत घालून सडकेपर्यंत आणला तो बाबगोंडानंच. चाकाशेजारी तो "दादा, बोल की रं" असं ओरडत पळत होता, हे तिनं दारातून डोळ्यांनी पाहिलं होतं. पण हे ती कुणाला सांगणार? पाटलाच्या घरात सून सासऱ्यापुढं बोलत नाही. चौकटीच्या आत उभं राहायचं, पदर पुढं ओढायचा, आणि काही हवं असलं तर मुलाच्या तोंडून विचारायचं. "भरत, आज्जाला विचार, ताक वाढू का?" पदवी झाली, पगार आला, तरी ताकाचा निरोप मुलाच्याच तोंडून जायचा.

आदगोंडा हा धर्मभोळा माणूस. रोज सकाळी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, जाऊन दर्शन घेतल्याशिवाय पाणी पीत नसे. पाणी गाळून, जेवण सूर्य मावळायच्या आत. चुलीत घालायचं लाकूड आधी जमिनीवर आपटून घ्यायचा, आतली मुंगी जळू नये म्हणून. आणि हाच माणूस वर्षातून एकदा लोहाराकडे जाऊन एक कोयता पाणी पाजून आणायचा. उसाला जसं पाणी पाजतात तसंच कोयत्याच्या पात्यालाही पाजतात, मग धार टिकते. तो कोयता त्यानं कधी उसाला लावला नाही. माजघरात खुंटीला टांगलेला असायचा. नातवाला जवळ घेऊन म्हणायचा, "तुझ्या बाचा खून झालाय. कोरटानं काय केलं न्हाई. बाबगोंडा सुटून येऊ दे. तवर तू हाताला येतोस."

मुंगीला जपणाऱ्या माणसाला नातू जपायचं सुचू नये, याला काय म्हणावं? दुःखानं माणूस शहाणा होतो असं म्हणतात. म्हणणाऱ्यांनी आदगोंडाला पाहिलेलं नसावं.

भरत हाताला येत गेला. अंगानं बापावर गेला, दंड भरले, मिसरूड फुटलं. शहात्तर साली दहावीत गेला, आईच्याच वर्गात. त्याच वर्गात बाबगोंडाची मुलगी गुणमालाही होती. दोन्ही घरांची भिंत एक, पण येणंजाणं बंद. भरतनं एकदा तिच्या बाकावर खडूनं 'खुनी' असं लिहिलं. मुलीनं ओढणीनं ते पुसलं आणि पांढरी झालेली तीच ओढणी घेऊन ती दिवसभर बसून राहिली. राजमतीनं ते पाहिलं, आणि हजेरी घेतली.

घरी मात्र तिनं एकदा धीर केला. सासरा शेतात गेला होता. ती म्हणाली, "भरत, आज्जाचं सगळंच मनावर घेऊ नको."

भरतनं तिच्याकडे पाहिलंही नाही. "तुला काय त्याचं? तू तर रडलीबी न्हाईस."

रडू आलं नाही हे खरंच होतं. आत काय होतं ते तिचं तिलाही नीट दिसत नव्हतं. भाकरी थापताना हात भाजला तरी उशिरा कळायचं. पण त्या सगळ्या सुन्नपणात एक गोष्ट जिवंत होती, आणि ती म्हणजे भीती. दिवाळीत बाबगोंडाची बायको कळंब्याच्या तुरुंगात जाऊन नवऱ्याला भेटून आल्याचं आणि तो शिक्षेत सूट मिळून संक्रांतीच्या आसपास सुटणार असल्याचं गावभर झालं. त्या रात्रीपासून आदगोंडा माजघरात झोपायला लागला, कोयत्याच्या खाली. भरत त्याच्या शेजारी. नवरा गेला तेव्हा राजमतीला भ्यायला वेळ मिळाला नव्हता. आता वेळच वेळ होता.

नेमकं त्याच सुमारास शाळेत एक नवं खूळ आलं. संस्थेचे अध्यक्ष वकील होते. दहावीच्या मुलांना कायद्याची ओळख हवी असं त्यांच्या मनानं घेतलं आणि दर शनिवारी एक तास ठरला. त्यांनी एक लहानसं पुस्तकही पाठवलं. पहिल्या शनिवारी मालमत्तेविरुद्धचे गुन्हे झाले. चोरी आणि दरोडा यांतला फरक मुलांना फार आवडला. पुढचा धडा होता, 'शरीराविरुद्धचे गुन्हे'. दुखापत, गंभीर दुखापत, सदोष मनुष्यवध, खून.

हेडमास्तर मोहितेसर माण तालुक्यातले, दहिवडीकडचे. माणूस मोकळा होता. त्यांनी बाईंना बोलावून घेतलं आणि बराच वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले.

"बाई, हा धडा मी घेतो. आमच्या माणात पाण्यावरनं मारामाऱ्या होत नाहीत, कारण मुळात पाणीच नाही. मला काय, मी कोरडेपणानं शिकवीन. तुम्ही कशाला स्वतःला त्रास करून घेता?"

"मीच घेते, सर."

"अहो पण वर्गात तुमचा मुलगा आहे. आणि ती पोरही आहे."

"म्हणूनच घेते," बाई म्हणाल्या.

मोहितेसरांना ते नीट कळलं नाही, पण त्या आवाजापुढं वाद घालणं म्हणजे भिंतीला टक्कर देणं होतं. बाहेर पडताना राजमतीच्या मनात हिशोब स्पष्ट होता. घरात ती आई होती, आणि आईचं भरत ऐकत नव्हता. शाळेत ती बाई होती. बाईंनी नाव घेतलं की त्याला उभं राहावं लागायचं, आणि विचारलं त्याचं उत्तर द्यावं लागायचं. तिच्या हातात एवढंच होतं.

शनिवारी सकाळची शाळा. थंडी होती, मुलं हात काखेत घालून बसली होती. बाईंनी फळ्यावर धड्याचं नाव लिहिलं आणि मागं वळल्या.

"मारणं म्हणजे काय?"

मुलं एकमेकांकडे बघून हसली. सयाजी नावाचा एक वात्रट मुलगा म्हणाला, "बाई, ते तुमीच सांगा. छडी तुमच्याकडं हाय."

"छडीनं मारलं तर ती साधी दुखापत. दात पडला, हाड मोडलं, डोळा गेला तर गंभीर. आणि माणूस मेला तर?"

"खून!" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

"नेहमी नाही," बाई म्हणाल्या. "बस्तीतल्या पाठशाळेला कोण कोण जातं? हात वर करा."

जैनांच्या मुलांनी हात वर केले. भरतनं केला, गुणमालानंही केला.

"हिंसेचे प्रकार किती?"

"चार."

"शेतात नांगराखाली किडा मेला तर ती कोणती?"

"उद्योगी," दोघंतिघं म्हणाले. "पोटासाठी काम करताना होती ती."

"आणि सगळ्यात वाईट कोणती?"

"संकल्पी. मारायचं म्हणून ठरवून मारलेलं."

"बाई, आमच्यात एकच परकार," सयाजी मागून ओरडला. "आयतवारची, कोंबडीची!"

वर्ग खदखदून हसला. बाईंनी हसू ओसरू दिलं. त्या रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत.

"कायदाही हेच विचारतो," त्या म्हणाल्या. "माणूस मेला एवढंच बघत नाही. मारणाऱ्याच्या मनात काय होतं, ते बघतो. ठार मारायचं ठरवून वार केला, तर खून. रागाच्या भरात हात उचलला, जीव घ्यायचं मनात नव्हतं, पण माणूस मेला, तर सदोष मनुष्यवध. सदोष म्हणजे दोष आहेच. शिक्षाही आहेच. पण तो खून नाही."

गुणमाला उभी राहिली. तिचा आवाज इतका बारीक होता की पुढच्या बाकानंही कान दिला. "बाई, शिक्षा पुरी झाली म्हंजे गुन्हा संपतो का?"

"कायद्यानं संपतो," बाई म्हणाल्या. "खाली बस. आता उदाहरण घेऊ. समजा, एका विहिरीवर दोन माणसं आहेत."

मळेवाडीतल्या पोराला ती विहीर कुठली हे सांगावं लागत नव्हतं. सयाजीसुद्धा खाली मान घालून बसला.

"पाण्याच्या पाळीवरून भांडण होतं. एकाच्या हातात खोरं आहे. तो दांडा मारतो. एकच. दुसरा दगडावर पडतो आणि मरतो." बाईंचा आवाज ग्रामपंचायतीच्या रचनेचाच होता. "काही वर्षांनी पहिला माणूस शिक्षा भोगून घरी येतो. मेलेल्या माणसाच्या घरात एक कोयता आहे. दरवर्षी त्याला पाणी पाजून ठेवलंय. त्या घरातला एकजण तो कोयता घेतो, वाट बघतो, आणि सुटून आलेल्या माणसाला मारतो. भरत पाटील, उभा राहा."

भरत उभा राहिला. त्याचा चेहरा लाल झाला होता. घरातला कोयता आईनं वर्गात आणून ठेवला होता, आणि पंचेचाळीस पोरं त्याच्याकडे बघत होती.

"दुसऱ्यांदा जे झालं तो कोणता गुन्हा?"

भरत बाकाची कड नखानं खरवडत राहिला.

"पाटील, मी प्रश्न विचारलाय."

"त्यानं माझ्या..." भरतचा आवाज फुटला. "त्यानं मारलंय, बाई!"

"मारलं म्हणजे?"

प्रश्न तोंडातून बाहेर पडला आणि कोर्टातला तो पंखा राजमतीला पुन्हा ऐकू आला. तिला वाटलं, आता आपल्याला काहीतरी होईल, बसावं लागेल. पण काही झालं नाही. पाय उभे होते, खडू हातात होता.

"दुसऱ्यांदा जे झालं," तिनं पुन्हा विचारलं, "ते कोणतं?"

"खून," भरत म्हणाला.

"का?"

"ठरवून केलं म्हनून."

"आणि पहिल्यांदा जे झालं ते?"

भरतनं आईकडे पाहिलं. पाच वर्षांत त्यानं तिच्याकडे असं पाहिलं नव्हतं. हे तिनं विचारू नये, निदान तिनं तरी विचारू नये, असं त्या नजरेत होतं. बाई थांबून राहिल्या. त्यांनी त्याला खाली बसवलं नाही, दुसऱ्याला विचारलं नाही. उत्तर येईपर्यंत तास पुढं जाणार नव्हता.

"सदोष मनुष्यवध," तो म्हणाला. इतकं हळू की ओठांवरूनच कळलं.

"बरोबर आहे. खाली बस."

तो बसला आणि बाकावर डोकं टेकून रडायला लागला. मोठा होत आलेला मुलगा, दंड भरलेला, हमसून हमसून रडला. राजमतीला त्याच्याजवळ जायचं होतं. आई असती तर गेली असती. पण आत्ता आईनं मधे येऊन चालणार नव्हतं, म्हणून बाई खिडकीकडे तोंड करून पुस्तकातलं पुढचं कलम वाचत राहिल्या, घंटा होईपर्यंत. मुलांनीही निमूट लिहून घेतलं.

त्या दिवशी घरी भरत जेवला नाही. आदगोंडानं विचारलं, पोराला काय झालंय? राजमती आत भाकऱ्या थापत राहिली, आणि भरत उठून परसात गेला. कोयता खुंटीला होता तिथंच होता. रोज उजाडलं की राजमती आधी त्या खुंटीकडे बघायची. धडा त्याला कळला की नुसता लागला, हे तिला समजत नव्हतं. शिकवलेलं सगळं उरतं थोडंच? उरलं असतं तर मळेवाडीची सगळी पोरं विद्वान झाली असती.

संक्रांत झाली आणि नंतरच्या एका संध्याकाळी एसटीतून बाबगोंडा उतरला. हातात कापडी पिशवी, केस पांढरे, खांदे पडलेले. घर गाठायला आदगोंडाच्या दारावरूनच जावं लागत होतं. म्हातारा कट्ट्यावर बसला होता. बाबगोंडा समोर येऊन थांबला, पायातल्या वहाणा काढल्या आणि मान खाली घालून नुसतं "काका" म्हणाला. आदगोंडानं तोंड फिरवलं. बाबगोंडा वहाणा हातात घेऊन शेजारच्या दारात शिरला. भिंतीपलीकडून बाईमाणसाचा रडण्याचा आवाज आला, आणि मग गुणमालाचा.

इकडे पानं वाढून झाली होती. सूर्य मावळायला थोडाच वेळ होता. भरत पाटावर बसलेला, राजमती चौकटीच्या आत. आदगोंडा आत आला, सरळ खुंटीकडे गेला, कोयता काढला आणि नातवाच्या ताटाशेजारी ठेवला.

"ऊठ."

भरतनं कोयत्याकडे पाहिलं. हातातला घास त्यानं ताटात ठेवला.

"आवं आज्जा, ह्यो खून हुतो," तो म्हणाला.

"व्हय. खूनच करायचाय. त्येनं न्हाई केला?"

"न्हाई. बाचा खून न्हवता त्यो." त्यानं मान वर केली. "नुसतं मारलं हुतं. बा मेला मागनं."

म्हाताऱ्याचा हात वर गेला तो तसाच राहिला. "कुणी शिकिवलं तुला ह्ये? त्या केरब्यानं?"

"बाईंनी," भरत म्हणाला, आणि मग चूक सुधारावी तसं, "आईनं."

आदगोंडा वळला. सून घरात आल्यापासून तो तिच्याशी थेट एक शब्द बोलला नव्हता. आता बोलला. "तुझा नवरा हुता गं त्यो!"

राजमती चौकटीतून बाहेर आली. डोक्यावरचा पदर होता तसाच होता, पण तिनं तो पुढं ओढला नाही. ताटाशेजारचा कोयता उचलून तिनं स्वतःच्या मागं ठेवला.

"व्हय, मामंजी. नवरा हुता. ह्यो ल्योक हाय."

आवाज त्याच पट्टीतला होता, वर नाही आणि खाली नाही. आदगोंडा तिच्याकडे बघत राहिला. मग तो भिंतीला टेकून खाली बसला. भूपाल गेल्यावर त्यानं गावाला दाखवला होता तो राग. आता राग गेला, तेव्हा खाली नुसता एक म्हातारा उरला होता.

"त्यो सुटून येस्तवर जगायचं म्हनून जगलो गं मी," तो म्हणाला. "सकाळी उठायचो त्ये ह्येच्यासाटनं. आता उद्या उठून काय करू, सांग की. तू मास्तरीण हायस न्हवं? सांग की."

राजमतीला ते ठाऊक नव्हतं. ती रोज सकाळी कशासाठी उठते हेही तिला धड ठाऊक नव्हतं. तास असतो म्हणून उठायची. भरत पानावरून उठला आणि आज्जाजवळ जाऊन बसला. म्हातारा तोंडावर पटक्याचा शेव घेऊन सुनेसमोर रडायला लागला. तिला मात्र तेव्हाही रडू आलं नाही. तिनं गाळलेल्या पाण्याचा तांब्या भरून आणला, त्याच्यापुढं धरला, आणि तो पिऊन होईपर्यंत उभी राहिली.